वन्सं टॅक्सीत, मी स्कूटरवर

ये गं रश्मी, अशी जवळ बस आणि कान इकडे कर, कारण आज तुला जरा ओरडायचंय. परवा फोनवर किती सहज म्हणालीस, "मावशी, बालीला आम्ही मैत्रिणी स्कूटर भाड्याने घेणार, तिकडे लायसन्स-बियसन्स कोण विचारतंय!" वा गं वा! पुण्यात हेल्मेट डिकीत ठेवून तोंडाला ओढणी गुंडाळून फिरतेस, तोच पराक्रम आता समुद्रापलीकडे? अगं, दोन वर्षांपूर्वी मी त्याच बेटावर स्कूटर चालवून आलेय, तीही साठीला टेकलेली असताना. तुला फोटो दाखवले, पण खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली.

आमच्या वन्सं तुला माहीत आहेत. माझी मोठी नणंद. भाईंदर पूर्वेला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मी पन्नाशीत मिठागराकडच्या रस्त्यावर माझी मीच स्कूटर शिकले, तेव्हा मागे बसायची हिंमत करणारी पहिली बाई त्याच. बाजारात, बँकेत, काशीगावला मैत्रिणीकडे, सगळीकडे आमची जोडी. आणि त्या काशीगावच्याच वळणावर मी त्यांना पाडलं. खडी सांडली होती हे खरं. पण मी मान मागे वळवून बोलत होते हेही खरं. माझं मेलीचं तोंड! त्यांचं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर पाच वर्षं माझ्या मागे बसल्या नाहीत. "तू हो पुढे, मी रिक्षाने येते," इतकंच. भांडल्या असत्या तर परवडलं असतं गं. ते "तू हो पुढे" मला रोज टोचायचं.

म्हणून बालीची टूर ठरली तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की या बाईला तिकडे तरी माझ्या मागे बसवायचं. टूरमध्ये एक दिवस मोकळा होता. वन्संचं माहेर रायगडातलं, भाताच्या शेतीचं. त्यांना बालीची डोंगर कोरून केलेली खाचरं बघायची होती आणि टूरची बस नेमकी तिथे जाणार नव्हती. मी गुपचूप आरटीओत जाऊन परदेशात चालवायचा परवाना काढला. खिडकीतला माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "आजी, मुलासाठी काढताय का?" मी म्हटलं, "मुलगा घाबरतो, मीच चालवते." प्रवासाचा विमा काढला तोही वाचून बघितला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, परवान्याशिवाय गाडी चालवून पडलात तर आम्ही काही देणार नाही. हे तू आधी वाच.

विमानातून उतरलो तर काय सांगू! हवा आपल्यासारखीच दमट, रस्त्याच्या कडेला जास्वंद, आणि वाहनं डावीकडून. अर्धी काळजी तिथेच मिटली. रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे स्कूटर. एकेका स्कूटरवर आई, बाप, मूल आणि कोंबड्यांची टोपली. सकाळी दुकानासमोर, उंबऱ्यावर, अगदी स्कूटरच्या सीटवरसुद्धा पानाचा इवलासा द्रोण, त्यात फुलं आणि चिमूटभर भात. त्याला चानांग (देवाला रोज वाहायचा नैवेद्य) म्हणतात. वन्सं खूश. "बघ, हे लोक गाडीची पूजा रोज करतात. तू दसऱ्याला करतेस."

"म्हणून तर वन्सं, मी म्हणते उद्या स्कूटर…"

"तू घे स्कूटर. मी टॅक्सीने मागून येते."

मला वाटलं चेष्टा करतायत. बाई खरंच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉटेलजवळच्या स्कूटर भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. मालकीण माझ्याच वयाची, अंगाने ठसठशीत. तिकडे मोठ्या बाईला इबू (आई) म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. तिने आधी पासपोर्ट मागितला. मी झेरॉक्स पुढे केली. म्हटलं, हॉटेलचं नाव लिहून घे, पण मूळ पासपोर्ट माझ्या पर्समधून हलणार नाही. ती हसली, घेतली झेरॉक्स. मग मी कॅमेरा काढून स्कूटरवरच्या एकेका ओरखड्याचा फोटो काढला, नाहीतर परत देताना जुने ओरखडे आपल्या गळ्यात. इबूनेच खाली वाकून माझ्याकडून सुटलेला एक ओरखडा दाखवला. ब्रेक दाबून बघितले, दिवे लावून बघितले. मला वाटलं आता मिळेल किल्ली. कुठलं काय! इबू स्वतः हेल्मेट घालून माझ्या मागे बसली आणि म्हणाली, "गो." तिची पद्धतच तशी. गल्लीतून एक फेरी मारल्याशिवाय ती कुणाला गाडी देत नाही.

निघाले मी थाटात. आणि रश्मी, आपली भाईंदरची सवय! माणूस दिसला, हॉर्न. कुत्रं दिसलं, हॉर्न. काही दिसलं नाही तरी हॉर्न, कारण पुढे काहीतरी असेलच. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. इबूने खांद्यावर टकटक केलं. "यू ॲंग्री?"

"नो, नो! हॅपी!"

"हॅपी, नो हॉर्न. पेलान-पेलान." (सावकाश, सावकाश.)

वन्सं फाटकाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. इबूने गाडी दिली, दोन हेल्मेटही दिली. दुसरं मी हँडलला अडकवायला गेले तर वन्संनी हातातून काढून घेतलं. "असं लोंबकळत ठेवतात का? दे, मी मांडीवर धरते." आणि गेल्या टॅक्सीत जाऊन बसल्या.

अशी आमची वरात निघाली. पुढे पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट आणि हेल्मेट घातलेली मी, मागे टॅक्सीत पातळ नेसलेल्या, मांडीवर हेल्मेट घेतलेल्या वन्सं. टॅक्सीवाला बिचारा सज्जन, त्याला वाटलं दोघींचं भांडण झालंय. मला आरशात वन्संचा चष्मा दिसायचा. परीक्षेत बाई मागे येऊन उभ्या राहिल्या की कसं होतं, तसं व्हायचं. प्रत्येक वळणाला इंडिकेटर, प्रत्येक चौकात ब्रेक. तासाभराने एका वारुंगमध्ये (रस्त्याकडेची खानावळ) थांबलो. केळीच्या पानावर भात, शेंगदाण्याची जाडसर चटणी घातलेल्या उकडलेल्या भाज्या आणि टेंपे (सोयाबीनची तळलेली वडी). पहिला घास घ्यायच्या आधीच मी विचारलं.

"किती मार्क, वन्सं?"

"दहापैकी सहा."

"सहाच?"

"मघाशी बदकं रस्ता ओलांडत होती, तेव्हा आकाशाकडे बघत होतीस."

तिथून पुढे रस्ता अरुंद झाला आणि समोर देवळाची मिरवणूक आली. बायकांच्या डोक्यावर फळांचे हातभर उंच मनोरे, पुरुषांच्या डोक्याला पांढरी फडकी, झांजा वाजतायत. आणि माझा अंगठा! मी नाही गं, अंगठ्यानेच दाबला हॉर्न. दोनदा. झांजा थांबल्या. सगळी मिरवणूक वळून माझ्याकडे बघायला लागली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे आले आणि त्यांनी स्वतःचा तळवा माझ्या अंगठ्यावर ठेवला. रागावले नाहीत. नुसते हसले. मी इंजिन बंद केलं, उतरले, हात जोडले. अर्धा तास आम्ही कडेला उभ्या. वन्सं माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, डोळे मिरवणुकीवर. मला वाटलं, संपलं. सहाचे शून्य झाले.

मिरवणूक गेली तर पुढे रस्त्यावर बांबू आडवा. टॅक्सीवाला चौकशी करून आला. "टुडे, कार नो. मोटर ओके." तिकडे दुचाकीलाच मोटर म्हणतात. खाचरं अजून चार किलोमीटर, सगळी चढण.

मी म्हटलं, "वन्सं, जाऊ दे. तुमच्याबरोबर टॅक्सीने परत जाऊ. स्कूटर नेण्याचं बघू काहीतरी." खरं सांगते, त्या क्षणी माझीच छाती होत नव्हती. इतका हट्ट करून आलेली मी, पण त्यांना पुन्हा पाडलं तर?

वन्संनी टॅक्सीतून हेल्मेट आणलं. डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, ओढून बघितला. मग पातळाच्या निऱ्या सरळ उचलून कमरेला खोचल्या. आत पांढरा पायजमा! भावाचा, म्हणजे आमच्या ह्यांचा.

"अहो, हा कधी घातलात?"

"सकाळीच."

"मग सकाळीच का नाही बसलात?"

"न तपासता कोण बसणार तुझ्या मागे? सरक पुढे. आणि तोंड बंद."

दोन्हीकडे पाय टाकून बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा. टॅक्सीवाला ओरडला, "हाती-हाती, इबू!" (जपून, बाई!) मी निघाले. वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. उजवीकडे एकाखाली एक हिरव्या पायऱ्या, त्यांत आरशासारखं पाणी, एका खाचरातून दुसऱ्यात झुळझुळ उतरणारं. हे सगळं मी वर पोचून स्कूटर उभी केल्यावर बघितलं हं, जाताना नाही. जाताना मला फक्त रस्ता. मागून वन्सं मात्र बोलत सुटल्या. हे बघ, ते बघ, आमच्या अण्णांनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) असं पाणी खेळवलं असतं तर. पाच वर्षांचं साठलेलं सगळं. आणि शेवटच्या वळणाच्या आधी मध्येच आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुलभा, त्या दिवशी काशीगावला तुला बोलायला मीच लावत होते. सारखे प्रश्न विचारत होते. हे तुला सांगायला हवं होतं मी."

रश्मी, मला किती बोलायचं होतं! मान वळवून त्यांच्याकडे बघायचं होतं. पण समोर वळण होतं आणि वळणावर वाळू होती. मी दोन्ही ब्रेक हलके दाबले, समोर बघत राहिले, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला उत्तर दिलं नाही. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. वळण संपलं तरी त्यांनी तो काढला नाही.

आता भाईंदरला आमची जोडी परत सुरू झालीये. येताना विमानात माझ्या मनात आलं, स्कूटर चालवणं म्हणजे वेग नाही गं, मागे बसलेल्या माणसाचा जीव आपल्या पाठीशी टेकलेला असतो, तेवढं लक्षात ठेवणं. तुझ्या मागे मैत्रीण बसणार, तिचीही आई वाट बघत असणार. तेव्हा बालीची तिकिटं काढायच्या आधी एक रविवार आमच्याकडे भाईंदरला ये. सकाळी चेणे गावाकडच्या रस्त्याला गर्दी नसते. वन्संना मागे बसव आणि चालवून दाखव, मार्क त्या देतील. मी कोलंबीचं कालवण करून ठेवते. लवकर ये हं, उगाच पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.