आंटींचा डबा बदलापूरला आला

मंडळी, आज आम्ही उल्हासनगरचं घर सोडून बदलापूरला राहायला आलो.

टेम्पो भरून झाला तरी आई निघेना. समोरच्या सिंधी आंटींचा स्टीलचा डबा परत करायचा राहिला होता. आणि रिकामा डबा कसा द्यायचा? तुमच्याकडेही असंच असेल ना! हा डबा तर वर्षानुवर्षं भरून जातोय आणि भरून येतोय. शेवटी बांधून ठेवलेली शेगडी पुन्हा जोडली, शिरा केला, डबा पोचवला. म्हटलं, सुटलो!

टेम्पो सुरू झाला आणि आंटी गाऊनवरच धावत खाली आल्या. हातात तोच डबा, आत कांदा घातलेल्या गरमागरम कोकी, त्यांच्या त्या जाडसर सिंधी पोळ्या.

"भाभी, ये डब्बा तो आपका है!"

"नहीं हो, आपका ही है!"

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि या दोघी डबा एकमेकींकडे ढकलतायत. हरली आईच.

इथे अजून सामान लागायचंय, पण आई आधी रवा शोधतेय. रविवारी आंटींकडे लाडू न्यायचेत म्हणे.

मी वैतागून विचारलं, "आई, खरं सांग, डबा कुणाचा गं?"

"काय माहीत! पण आपलाच निघाला, तर तिच्याकडे जायचं कुठल्या निमित्तानं?"