अर्धी पियाली

होसियत ओपांच्या वॉर्डातून पेशंट घरी न्यायचा, तर आधी त्याच्या घरच्यांना खाटेवर आडवं व्हावं लागतं. मर्गिलान शहरातल्या आमच्या इस्पितळात त्या सव्वीस वर्षं नर्स आहेत. साऱ्या वॉर्डाची थोरली बहीण, म्हणून पोरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ओपाच म्हणतात.

माझे सासरे मामासोली यांना झटका येऊन अठरा दिवस झाले होते. उजवी बाजू लुळी पडलेली, शब्द तोंडातल्या तोंडात अडकायचे. घरी सोडायच्या सकाळी ओपांनी माझ्या सासूबाईंना खाट दाखवली.

"ओयी, झोपा." आईला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या.

"मी? मला काय धाड भरलीय?"

"झोपा तर खरं. उशी नको."

सासूबाई कुरकुरत उताण्या झाल्या. ओपांनी त्यांच्या तोंडात चमचाभर चहा सोडला. पुढच्या क्षणी सासूबाई ठसकत उठल्या, डोक्यावरचा रुमाल भिजलेला. "मारतेस की काय गं मला!"

"मी कशाला मारू? उद्यापासून तुम्ही त्यांना असंच पाजणार होतात."

मग आम्हाला सगळं करून दाखवलं. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा द्यायचा, घोट गिळलेला दिसला की मगच दुसरा. नुसतं पाणी, नुसता चहा सध्या बंद. दह्यासारखं घट्ट असेल तेच. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. चादरीची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "माझ्या आईला मी झोपवूनच शोरवा पाजला. फार मायेनं पाजला. तो छातीत उतरला. नवव्या दिवशी गेली. मला कोणी सांगितलंच नव्हतं." आणि घडी कपाटात ठेवून आल्या.

घरी आलो आणि माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला न येणं आमच्या मोहल्ल्यात पाप, आणि आलेल्याला चहा न देणं त्याहून मोठं. चौथ्या दिवशी सासऱ्यांचे जुने दोस्त होशिम अमाकी, म्हणजे होशिमकाका, आले. मी तंदुरातून नान काढून येईतो त्यांनी आपली चहाची पियाली सासऱ्यांच्या ओठांना लावली होती. "घे रे मामासोली! चहानं मेलेला उठून बसतो!"

सासरे ठसकले. चेहरा काळानिळा. मी पुढे वाकवून धरलं, पाठ चोळली, तेव्हा कुठे श्वास लागला. अमाकी बिचारे दाराशी थिजलेले.

"आता पाहुण्यांचे हात धरू का दार लावून घेऊ?" सासूबाई रडकुंडीला आल्या. मी ओपांना फोन केला. पुन्हा एकदा असा घोट छातीत गेला, तर हे माणूस आमच्या हाती राहणार नव्हतं.

ड्युटी संपवून त्या बगलेत खरबूज घेऊन आल्या. छातीला नळी लावून नीट ऐकलं, मग सासऱ्यांसमोर बसल्या. ओता म्हणजे वडील; त्यांना त्या तशीच हाक मारायच्या.

"ओता, या घरात चहा कोण ओतायचं?"

सासऱ्यांनी स्वतःकडे बोट केलं. खरंच होतं. मोहल्ल्यातल्या कुठल्याही बैठकीत किटली त्यांच्या हाती. पियाली अर्धीच भरायचे. काठोकाठ भरली की पाहुण्यानं ओळखावं, उठायची वेळ झाली.

"आणि आता?"

बोट माझ्याकडे वळलं.

"इथंच चुकतंय. ओतणारा सगळ्यांत शेवटी पितो. त्याला कोण पाजायला जातंय?"

सासऱ्यांनी डावा हात वर धरला आणि मान हलवली. सासूबाईंनी त्यांच्या मनातलं बोलून टाकलं, "डाव्या हातानं द्यायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"उजवा उचला डाव्यानं," ओपा सासऱ्यांना म्हणाल्या. "छातीवर ठेवा. देताना आपण एक हात छातीवर ठेवतोच ना? हातांची अदलाबदल झाली, मान तोच राहिला."

हात घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. ओपांनी कोपराखाली छोटी उशी सरकवली. आठवडाभर सासरे लहान किटलीत गार पाणी घेऊन ओतत राहिले. सतरंजी रोज वाळत घालावी लागे.

शुक्रवारी होशिम अमाकी बिचकतच आले. ओपाही डोकावल्या होत्या, ड्युटीच्या वाटेवर, उभ्या-उभ्याच. सासऱ्यांनी उजवा हात उचलून छातीवर ठेवला, डाव्यानं कोमट चहा ओतला आणि पियाली पुढे केली. अर्धी.

अमाकींनी ती दोन्ही हातांनी घेतली. "मला वाटलं, काठोकाठ भरून देशील," ते हळूच म्हणाले.

सासऱ्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "ब...स."

"केलिन!" सासूबाईंनी मला, सुनेला, हाक मारली. "त्यांचं दही आण. आणि होशिम, तू लांबच बस. त्यांची हनुवटी खाली पाहिजे, कळलं?"

ओपांनी घड्याळ पाहिलं, निघायला वळल्या, आणि समोर दुसरी पियाली आली. तीही अर्धीच. अर्ध्या पियालीला नाही म्हणून जाता येत नाही. त्या बसल्या. ती देताना सासऱ्यांचा हात छातीवरून घसरला. सासूबाई, अमाकी आणि मी एकदमच पुढे झालो. ओपांनी नुसत्या नजरेनं आम्हाला अडवलं.

सासऱ्यांनी पियाली खाली ठेवली, हात उचलला आणि जागेवर ठेवला.