भागीकाकीचा हात

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आईला कळलं नाही, ती तशीच गेली. पुण्यात ज्या सरांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनाही बोललो नाही — आणि त्यांना तर सांगायलाच हवं होतं. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. कदाचित म्हणूनच आज जीभ उचलतेय.

मालवणजवळच्या आमच्या वाडीत कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी. वडील गलबतावर खलाशी होते, सही करताना त्यांना घाम फुटायचा. त्यांचा मुलगा एम.एस्सी. झाला. याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे, उगाच नम्रपणा कशाला आणू? पण पुढे जे झालं ते त्या गर्वातूनच झालं, एवढं लक्षात असू द्या.

साठच्या दशकाची सुरुवात. पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या विषाणूवर काम करायचो. हाच विषाणू मिरचीलाही धरतो. त्याची रचना अगदी साधी आहे — आत त्याच्या वंशाचा धागा, बाहेर त्या धाग्याच्या हुकमानं घडणारं प्रथिनाचं कवच. कवचाच्या एकेका तुकड्यात दीडशेहून जास्त अमिनो आम्लं, माळेत मणी ओवावेत तशी. धाग्यावर नायट्रस आम्लाची क्रिया केली की कधीकधी एखादा मणी बदलतो. काही बदलांनी विषाणूला काहीच होत नाही. काहींनी कवच नीट बसत नाही आणि आतला धागा उघडा पडून नासतो. आणि काही बदल असे की विषाणू मरतोच — ते आपल्याला कधी दिसतच नाहीत. दिसतात ते निभावलेले. सर हे पुनःपुन्हा सांगायचे.

माझ्या वाट्याला एक प्रकार आला होता. त्याच्या कवचात एका जागी प्रोलीन जाऊन ल्युसीन आलं होतं. एवढंच. पण विषाणू अगदी दुबळा! पानावर जेमतेम फिकट डाग पडायचे, रस काढून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्यात दम नसायचा. मी हरखलो. कारण एक गोष्ट तेव्हाही माहीत होती — झाडाला आधी दुबळा विषाणू दिला तर पुढे जहाल जातीचा त्रास कमी होतो. म्हणजे मिरचीला लसच की! सर म्हणाले, "तू हे सगळं एप्रिल-मेमध्ये पाहिलंस. काचघर तव्यासारखं तापलेलं असतं. उष्म्यात हे कवच घडत नसेल. थंडीत पाहा, मग बोल."

थंडीत पाहा. मी पाहिलं का? नाही. थंडी पडायच्या आत माझ्या डोक्यात वाडी होती.

आमच्याकडे भात कापून झालं की ओलीच्या, म्हणजे पावसाची ओल टिकलेल्या जमिनीत मिरची लावतात. आईचा रोपांचा वाफा मोठा, अर्धी वाडी तिच्याकडून रोपं न्यायची. आणि लावणीला पहिलं रोप कोणाच्या हातचं? भागीकाकीचं. ती आमच्या शेजारची, नवरा समुद्रात बुडून गेलेला, मूलबाळ नाही. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे मानायचे. पहिलं रोप तिनं लावायचं, मग बाकीच्यांनी हात लावायचा. त्या दिवसांत तिला घरोघर बोलावणं असायचं — जेवण, पायली-दोन पायली भात, आणि मान. वर्षभर ती त्यावर निघायची. भात नसता तरी मानावर निघाली असती, अशी बाई.

मी सुट्टीला आलो तो डब्यात ओल्या कापसात गुंडाळलेली पानं घेऊन. प्रयोगशाळेबाहेर काही न्यायचं नाही असा सक्त नियम होता. आई मासळी बाजारात गेल्यावर पानं वाटली आणि पानांना बारीक ओरखडे पडून विषाणू आत शिरावा म्हणून रस कुरुंद दगडाच्या पुडीबरोबर रोपांवर चोळला, सगळ्या वाफ्यावर. कोणाला सांगितलं नाही — पीक आल्यावर सांगणार होतो. ऐटीत.

लावणी झाली. सकाळी अंगावर घोंगडी लागेल असा गारवा होता. आणि माझा दुबळा विषाणू त्या गारव्यात कवच नीट घालून उभा राहिला. पानं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांनी भरली, आखडली, फुलं गळली. जिथं जिथं आईची रोपं गेली होती, तिथं तिथं.

जानेवारीत मी पुन्हा घरी आलो तेव्हा लोक माझ्याकडे आले. साहजिकच — शिकलेला मी एकटा. अंगणात दहा-बारा माणसं, आई दारात. मला तोंड उघडायचं होतं. खरंच होतं? आज सांगता येत नाही. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते हे — तंबाखूत हाच रोग असतो, तो हातांवाटे पसरतो, तंबाखू हाताळणाऱ्यानं रोपं लावली तर असंच होणार.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पुस्तकात आहे ते. म्हणूनच तर ते इतकं सोपं गेलं.

भागीकाकी मशेरी लावायची. सकाळ-संध्याकाळ, तंबाखू भाजून, बोट काळंभोर. मी तिचं नाव घेतलं नाही. घ्यावंच लागलं नाही. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. एक पोरगा हसत म्हणाला, "काकी, तुझी मशेरी आमच्या मिरचेन खाल्ल्यान गो!" म्हातारे हसले नाहीत. एक जण एवढंच म्हणाला, "शिकलेलो माणूस सांगता, उगाच सांगना नाय."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या मागच्या दारी आली. रागावून नव्हे. रागावली असती तर!

"झिला, हात धुवन बरो होतलो काय रे? माका काय ता सांग."

मी तिला साबणाची वडी दिली. कसं धुवायचं ते दाखवलं — नखांखालून, मनगटापर्यंत. ती शहाण्या मुलीसारखी बघत होती. मशेरी तिनं त्याच दिवशी सोडली.

पुण्याला परतताना मी आमच्या मळ्यातली रोगट पानं बरोबर नेली. स्वतःशी म्हणत होतो, वाडीतलाच जुना रोग असेल, मशेरीचाच असेल. असा आशेचा धागा धरून मी ते कवच वेगळं केलं, ज्यात प्रोलीनची ती जागा येते तेवढा तुकडा तोडला, अमिनो आम्लं कागदावर चढवली. प्रोलीनचा डाग पिवळा उठतो, बाकीचे जांभळे. मी कागद उन्हात धरला. पिवळा डाग नव्हता. त्याच्या जागी ल्युसीन होतं. हा विषाणू जगात माझ्या टेबलाशिवाय कुठं असणार होता?

तो कागद मी जाळला. सरांना सांगितलं असतं तर प्रयोगशाळेतून हाकललं असतं. वाडीत सांगितलं असतं तर — वडिलांनी गलबतावर काढलेली वर्षं, आईचं ताठ मानेनं पाणवठ्यावर जाणं, सगळं. म्हणून पुढच्या सुट्टीत सांगू म्हटलं. पुढच्या सुट्टीत शाळेनं भाषणाला बोलावलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी लोक आंब्याच्या मोहोराबद्दल विचारायला आले. दरवेळी माझ्याभोवती एक भिंत चढत होती आणि चिरे मीच वाहत होतो. मिरची पुढच्या वर्षी चांगली आली. आईनं दुसरीकडून बी आणलं होतं. लोक म्हणाले, बघा, काकीचा हात लागला नाही म्हणून. आता मी बोललो असतो तरी कोणी मानलं असतं का? — हेही मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. मानलं असतं. माझं मानायचेच ते.

काकीला लावणीचं बोलावणं पुन्हा कोणाचंच आलं नाही. लग्नघरी तांदूळ निवडायलाही तिला कोणी बोलावेना. मग ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात बिया फोडायला गेली.

काही वर्षांनी वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर ती भेटली. माझ्या कडेवर माझी धाकटी मुलगी होती. काकीनं मला ओळखलं, सोबतच्या बायकांना हाक मारून सांगितलं, "ह्यो आमच्या वाडयेतलो. मोठो शिकलेलो हां!" तोंडभर हसत होती. काजूच्या सालीच्या तेलानं तिचे तळवे काळे पडले होते, बोटांची कातडी सोलवटून निघाली होती. पोरीनं तिच्याकडे हात पसरले. काकीचेही हात पुढे आले — आणि अर्ध्यावर थांबले. तिनं ते पदराखाली घेतले.

"नको गो बाय," ती पोरीला म्हणाली, "माजो हात बाधता."

मी तिच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मालवणची गाडी लागली. मी पोरीला घेऊन चढलो, खिडकीशी बसलो, आणि तिला म्हटलं, "काकीला टाटा कर."