आरोळी देणारा माणूस

सुखदेव कमरेवर हात ठेवून खालीच बसला, तेव्हाच मी ठरवलं की आज याला ओझ्याखाली जाऊ द्यायचं नाही.

बुलढाण्याहून देऊळघाटच्या बाजूला विजेची लाइन टाकायचं काम चालू होतं. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर होतो, म्हणजे कामावर देखरेख करणारा. डिप्लोमा नवा कोरा, आणि अक्कल पाजळायची हौस दांडगी.

आमचा खांब म्हणजे रेल्वेचा जुना रूळ. तीस फूट लांब, पावणेतीनशे किलोच्या आसपास. किलो नुकतेच आलेले, मजूर अजून मणातच बोलायचे. ट्रक नाल्यापर्यंत यायचा, पुढे माणसं. रुळाला चार ठिकाणी दोर बांधायचे, प्रत्येक दोरात आडवा दांडा घालायचा, दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक खांदा. असे आठ जण. नववे रहेमानचाचा. ते काही उचलत नसत. बाजूने चालायचे आणि आरोळी द्यायचे. "डावा पाय. दगड हाये. हळू, हळू. ठेव."

मी वहीत भागाकार केला. माणशी चौतीस किलो. झेपण्यासारखं होतं. धोका मला एकच दिसला, सुखदेवची कंबर. त्याला बसवलं तर एक खांदा कमी पडत होता, आणि समोर एक धडधाकट माणूस रिकाम्या हाताने उभा होता.

"चाचा, सुखदेवच्या जागी तुम्ही लागा."

"मंग आरोळी कोन देईन, साहेब?"

"तुम्हीच द्या की. खांद्यावर ओझं आलं म्हणून तोंड थोडंच बंद होतं?"

बाकीचे हसले. चाचा हसले नाहीत. "वझ्याखाली गेलं का माणसाले पुढच्याची पाठ दिसते, साहेब. रस्ता नाई दिसत."

मला तेव्हा उलट बोललेलं खपत नसे. "दोनशे पावलांचं तर काम आहे," मी म्हणालो. चाचांनी डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि खांद्यावर ठेवली.

सगळ्यात पुढच्या दांड्याला किसन होता. धाड गावचा, अंगाने मजबूत, टोळीत सगळ्यांची थट्टा करणारा. चाचा मागून दुसऱ्या दांड्याला. सपाटीवर ठीक चाललं. नाल्याचा उतार लागला. पुढचे चौघे तळाशी उतरले आणि दगडांपाशी थांबले. मागच्यांना ते कळलंच नाही, ते उतारावरून चालतच राहिले. चाचांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही, इतकी धाप लागली होती. कोणी दांडा सोडला, कोणी धरून ठेवला. रूळ तिरपा झाला आणि किसनच्या उजव्या पायावर आला.

काय करायचं ते चाचांनीच सांगितलं. त्याच दांड्यांना घोंगडी बांधली, किसनला तीत घातलं आणि चौघांनी ट्रकपर्यंत नेलं. चाचा बाजूने चालत आरोळी देत होते. त्या चढावर किसनला एक हिसका बसला नाही.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या ऑफिसात आमच्या मोठ्या साहेबांनी रिपोर्टचा कागद पुढे सरकवला.

"त्या म्हाताऱ्याने कबूल केलंय, आरोळी चुकली म्हणून. तसंच लिहा. त्याला काढून टाकू."

"आणि किसनची भरपाई?"

"मजुराच्या चुकीने मजूर जखमी झाला. आपला काय संबंध?"

मी कागद घेऊन तडक दवाखान्यात गेलो. चाचा व्हरांड्यात बसले होते.

"चाचा, असं का सांगितलंत?"

"आरोळी माहीच होती ना, साहेब. निंघालीच नाई." मग म्हणाले, "तुमची सारी नोकरी बाकी हाये अजून."

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला आजही आहे.

आतून किसनचं कण्हणं ऐकू येत होतं. मी तिथेच बाकावर बसून लिहिलं : 'आरोळी देणाऱ्यास मी ओझ्याखाली घातले. त्याने हरकत घेतली होती. मी ऐकले नाही.' खाली सही केली.

साहेबांनी तो कागद वाचला. मग म्हणाले, "शहाणे आहात." आठवड्याच्या आत मी लाइनवरून गोदामात गेलो आणि पुढची दोन वर्षं चिनी मातीचे इन्सुलेटर मोजले. चाचा कामावर राहिले. किसनच्या पायाची दोन बोटं गेली. भरपाई मिळाली, पण पुष्कळ हेलपाट्यांनंतर, आणि बोटांच्या मानाने ती काहीच नव्हती. त्याला पुन्हा दांड्याखाली उभं राहता आलं नाही.

नंतर मी कितीतरी लाइनी टाकल्या. एवढंच शिकलो की वजन काट्यावर कळतं, पण कोणाला काय दिसतंय हे त्या माणसालाच विचारावं लागतं. त्या दिवशी तर मला विचारावंही लागलं नव्हतं. चाचांनी आपणहून सांगितलं होतं.