कोपरा कापलेली कार्डं

हसणार न्हाई असं आधी कबूल करा, तरच सांगतो. कारण ह्या किश्शात गाढव दुसरं कुणी न्हाई, मी स्वतः आहे. अन् नुसता गाढव असतो तर चाललं असतं हो!

रझाकारी संपून चार-पाच वर्षं झाल्ती. मी जाफराबादचा, तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून नवाच लागल्तो. ट्रेनिंगमध्ये ऐकून आल्तो की भाषा घोकून येत न्हाई, पोरांना काहीतरी करायला द्या. मंग काय! मी वर्गातच पोस्ट उघडलं. खोक्याला गेरू फासून लाल डबा केला, खरीखुरी पोस्टाची कार्डं आणली अन् म्हटलं, "लिहा आपापल्या मामाला!"

पोरं अशी रंगली की बस्स! चौथीतली गंगू तर भारी हुशार. तिनं लिहिलं, "मामा, आमची म्हैस व्याली. खरवस खायला जल्दी या." नमुना म्हणून मीही आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक कार्ड लिहिलं.

आता माझी एक खोड ऐका. तपासलेल्या कागदाचा कोपरा मी कात्रीनं कापायचो. न्हाईतर कालचाच कागद कार्टी आज पुन्हा दाखवायची! त्या दिवशीही तेच. कार्ड वाचलं की कच्च! सगळ्या कार्डांचे कोपरे उडवले, माझ्याही, अन् मोठ्या झोकात टपालात टाकली.

हसू नका म्हटलं ना! कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक नव्हतं का? होतं हो! पण हाताला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी गंगूचा मामा आष्टीहून बैलगाडी हाणत आला. त्याला अक्षर येत न्हाई, टपालवाल्यानं ताईच्या गावचं कार्ड एवढं सांगितलं, अन् पुढचं वाचून घ्यायलाही तो थांबला न्हाई. वेशीपासूनच "ताई गं!" म्हणून हंबरडा फोडला. अन् ताई? ती घरात भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच बाहेर आली, "कोण गेलं रे?" म्हणाली अन् तीही रडायला लागली!

जरा वेळानं मामा अन् गंगूचा बाप सखाराम, दोघं शाळेच्या दारात.

"मास्तर, हे कार्ड कुणी कापलं?"

सखारामचे डोळे लाल, हातात बैलाचा चाबूक. माझी बोबडीच वळली. अन् तोंडातून निघालं, "कात्री... कात्री गंगूजवळ असते."

लाज वाटते हो सांगायला! सगळ्या वर्गानं मला कापताना पाहिल्तं. पण मास्तरपुढं कोण बोलणार? गंगू नुसती माझ्याकडं बघत राह्यली.

"बस झाली शाळा!" सखाराम गरजला. "उद्यापासून शेळ्या राख. लिहायला शिकली अन् जित्या मायला मारलं!"

तरी मी पाठ फिरवून फळाच पुसत राह्यलो!

तेवढ्यात दारात कोण? आमचे आबा! धोतर धुळीनं माखलेलं, हातात कार्ड, तेही न वाचलेलं. मला पाहिलं अन् मटकन खालीच बसले.

"अरे, तू हायेस! मंग गेलं कोण? सूनबाई?"

"कुणीच न्हाई, आबा."

मामानं त्यांच्या हातातलं कार्ड घेऊन उलटसुलट पाहिलं. कोपरा गायब.

"मास्तर, हे बी पोरीनंच कापलं का?"

मी तोंड उघडायच्या आत गंगूच हळू म्हणाली, "गुरुजी, ते बी माझ्यावरच घाला. माझी शाळा तशी बी बंदच झाली."

तिथं मी मेलो बघा. आबांचं कार्ड तेवढं बराबर ठरलं.

मंग मात्र पोरांसमोर दोन्ही कान धरले. "सगळे कोपरे मीच कापले. पोरीची काही चूक न्हाई. सखाराम, पाया पडतो, तिची शाळा बंद करू नका!" सखारामनं चाबूक काखेत मारला. आबा म्हणाले, "ट्रेनिंगला हेच शिकवलं का रे?"

दुसऱ्या दिवशी गंगू आली अन् माझा जीव भांड्यात पडला. मी नवीन कार्डं वाटली. सगळ्या मामांना माफीची पत्रं! पहिलं मीच लिहिलं. गंगूनं ते वाचलं, चारी कोपरे बोटानं चाचपले अन् हात पुढं केला.

"कात्री द्या, गुरुजी."

मुकाट्यानं दिली. अन् तवापासून, मी त्या शाळेत होतो तोवर, कात्री खरंच गंगूजवळ असायची.