मोटारी भरणाऱ्या हाताची गिटार

कुपवाडात पंपांच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून देणाऱ्या नाथाजीनं जुन्या खाटेच्या सागवानी फळीतून इलेक्ट्रिक गिटार घडवली, त्याला सहा वर्षं झाली. दिसायला देखणी, पण तारांचा आवाज पकडणारी तिची कॉइल काही केल्या जमेना. केसासारख्या तारेचे सात हजार वेढे त्यानं हातानं भरले. तीनदा तार तुटली. चौथी कॉइल बोलली, पण आवाज वाढवला की किंचाळायची. वेढे सैल होते. पातळ मेणात बुडवली की गप्प होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेणही आणून ठेवलेलं. उद्या म्हसवडच्या एका वरातीत बेंजोवाले त्याला पहिल्यांदाच वाजवू देणार होते.

दुपारी भरलेल्या दोन मोटारी, वेढे घट्ट बसावेत म्हणून नेहमीसारख्या वार्निशात बुडवून भट्टीत भाजायला ठेवताना त्यानं त्याच हातासरशी कॉइलही बुडवली आणि आत सरकवली. तीस वर्षांची सवय; हातानं डोक्याला विचारलंच नाही.

तासानं दार उघडलं, तर कॉइलचा प्लॅस्टिकचा साचा वितळून त्याचा गोळा झालेला. नाथाजीनं बायकोला, शालूबाईला, फोन लावला. "मेण हितंच व्हतं की गं, डोळ्यांसमोर," तो म्हणाला.

मोटारी मात्र झकास भाजल्या होत्या. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, मोटार सुरू करून बघितली आणि खूश झालं. "नाथाजी, तुझ्या हाताला तोड न्हाई गड्या!"

नाथाजी त्या हाताकडं बघत राहिला, वैऱ्याकडं बघावं तसा.