शहाण्यांना अर्धंच सांगितलं

आमचे हे न्हावी. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, मधे फक्त एक पडदा, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येतं. गळ्यावर वस्तरा असताना कुणी वाद घालत नाही, म्हणून ह्यांनी दिलेला सल्ला आजवर कुणी खोडून काढलेला नाही. घर विकावं की ठेवावं, साहेबाशी भांडावं की गप्प बसावं, सगळं ह्यांना विचारून. आणि घरात? कोबी आणू की फ्लॉवर, एवढं विचारलं तरी डोकं खाजवत बसायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मग लेकीने ह्यांच्या फोनवर एआय घालून दिलं. आपण बोलून विचारायचं, ते बोलून उत्तर देतं. झालं! ह्यांना गुरू भेटला. छत्री नेऊ का, निळा सदरा घालू की पांढरा, चुलतभावाकडे जेवायला थांबू की नको. ते बिचारं दोन्ही बाजू मांडायचं आणि शेवटी ह्यांनाच विचारायचं, "तुम्हाला यात जास्त महत्त्वाचं काय वाटतं?" मी त्याचं नाव ठेवलं शहाणे. "काय म्हणाले आज शहाणे?" असं मी विचारायची आणि हे चिडायचे.

खरं दुखणं वेगळंच होतं. ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मला चकार शब्द बोलले नाहीत, पण तुरटीची वडी बोलली. दाढी करताना कुठे लागलं की तुरटी फिरवतात. आमच्याकडे एक वडी झिजता झिजायची नाही, ती आता साबणासारखी संपत होती. मी म्हटलं, दाढ्या लेकीला करू द्या. ती हे काम रीतसर शिकलेली, दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर तेच करते, मग आपल्यात का नको? तर हात खिशात घालून म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या कुणापुढे मान द्यायची नाहीत." झाकली मूठ सव्वा लाखाची!

एका दुपारी दुकान बंद करून हे छाती काढून आत आले. "शहाण्यांनाच विचारलं. मदतीला कुणी घ्यायची गरज दिसत नाही म्हणाले."

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"जे आहे ते."

"मग माझ्यासमोर विचारा बरं."

बसले. फोन पुढ्यात ठेवला, घसा खाकरला. "दुकान लहान, खुर्ची एक. माझा हात आयुष्यभर वस्तऱ्यावर बसलेला. गिऱ्हाईक बांधलेलं, मला सोडून कुठे जात नाही..."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आणि हात थरथरतो ते कोण सांगणार? माझा बाप? काल समोरच्या मास्तरांच्या कानाखाली रक्त आलं, ते सांगा की! भला माणूस, हसून गेला. उद्या गळ्याला लागलं तर?"

फोन चालूच होता. शहाण्यांनी सगळं ऐकलं. मी तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग!

"हे आधी कळलं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं," फोन म्हणाला. "हात थरथरण्याची कारणं बरीच असतात, काहींवर उपायही असतात. आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर वस्तरा हातात घेऊ नका. आणि एक विचारू? दुकानातलं कोणतं काम सुटलं तर तुम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटेल?"

मला वाटलं, आता फोन भिंतीवर आपटणार. पण ह्यांनी तो उजवा हात उघडा करून मांडीवर ठेवला. मग एवढ्याशा आवाजात म्हणाले, "गप्पा."

मला हसू आवरेना, आणि रडूही. अहो, गप्पांना हात कशाला लागतो!

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही म्हणाले. लेक दुकानात आली. पण पहिल्याच सकाळी मास्तर आणि बाकावरचे बाकीचे जागचे हलेनात. पोरीच्या हातात वस्तरा, आधी मान कोण देणार? "तुम्ही बसा", "छे, तुम्हीच बसा" सुरू झालं.

तेव्हा हे उठले आणि स्वतःच खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीमागे उभं राहण्यात जन्म गेला, पण दाढीला म्हणून तिच्यात कधी बसले नव्हते. मान मागे टाकली, डोळे मिटले. "कर," लेकीला म्हणाले.

तिने फेस लावला, वस्तरा गळ्याला टेकवला. बाकावरचे सगळे माना पुढे काढून बघायला लागले. मी पडदा सारून पुढे आले. चादरीखाली ह्यांचा हात थरथरत होता. मी तो घट्ट धरला. भर दुकानात, सगळ्यांसमोर! लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं कधी केलं नव्हतं.

दाढी गुळगुळीत झाली, तुरटी कोरडीच राहिली. ह्यांनी गालावरून हात फिरवला, खुर्चीतून उठले आणि मास्तरांना दंडाला धरून तिच्यात बसवलं. आपण शेजारी स्टूल ओढून घेतलं.

"हं, मास्तर, त्या भाडेकरूचं काय सांगत होता काल? पहिल्यापासून सांगा. आणि काही लपवू नका हो, अर्धं सांगितलं की सल्ला चुकतो."